मोटरहोमच्या डिझेलमध्ये काय घालावं, कधी घालावं

गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा शिरते, आतून पाणी सुटतं, ते तळाशी बसतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात. जंतुनाशक बाटलीवरच्या प्रमाणातच, डिझेल भरायच्या आधी ओता, म्हणजे भरताना ते आपोआप ढवळलं जातं. मग वीसेक किलोमीटर गाडी फिरवा. औषध इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत, पोचायला हवं. टाकीत आधीच बुरशी असेल तर मेलेला काळा चिकट गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि नेमकी घाटात गाडी दम सोडते. जादा फिल्टर जवळ हवाच. अधूनमधून वॉटर सेपरेटरचा (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा) खालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा: पाणी असलं तर तळाशी वेगळं दिसतं.

हिवाळ्यात लडाखला निघालात? अँटीजेल, म्हणजे थंडीत डिझेल घट्ट होऊ न देणारं द्रव्य, डिझेल पातळ असतानाच घाला. एकदा डिझेलमध्ये मेण धरलं की अँटीजेलने ते विरघळत नाही. तिकडे उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल २०१९पासून मिळतं, शक्यतो तेच भरा. रॉकेल मात्र मुळीच मिसळू नका. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. आणि अ‍ॅडब्लूच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या युरिया-द्रावणाच्या) वेगळ्या टाकीत यातला थेंबही जाता कामा नये.