मे महिन्यात पंधरा मित्रमंडळी घरी जमणार आहेत. प्रत्येकाने सोपं असं काय करावं? खायला आणि प्यायला, दोन्ही सांगा.

तुम्ही लिहिलंय की सगळ्यांनी एकेक पदार्थ करायचं ठरलंय आणि रेसिपी आधीच एकमेकांना पाठवणं चालू आहे. पदार्थ सुचवणं अवघड नाही. घोळ होतो तो त्या पाठवलेल्या रेसिप्यांत, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

आम्ही वेंगुर्ल्याच्या शाळेतल्या मैत्रिणी दरवर्षी मे महिन्यात कुणा एकीच्या घरी जमतो. पहिल्या वर्षी सोलकढी माझ्याकडे आली. मी बरीच वर्षं मुंबईत, आमसुलं भिजवून कढी करणारी. मैत्रिणीने लिहून पाठवलं होतं, 'आगळ घाल, नारळाचा रस घाल, लसूण-मिरची वाटून लाव, मीठ अंदाजाने.' मी माझ्या अंदाजाने मीठ घातलं. पहिला घोट घेतल्याबरोबर ती ओरडली, "अगो, आगळात मीठ आसताच!" मग ते लिहिलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणते, "ता काय सांगूक होया?" पातेलंभर कढी वाया. दुसऱ्या एकीच्या पुण्याच्या जावेने तर कोकम सरबताची बाटली ओतून सोलकढी केली होती. गुलाबी रंगाचं गोड दूध, त्यात लसूण.

तेव्हा तुमच्या मंडळींना एवढं नक्की सांगा: आमसूल म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सुकवलेली साल, आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस आणि सरबताच्या बाटलीत साखर असते. तिन्हीला आपण सरसकट 'कोकम' म्हणतो, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आणि 'अंदाजाने' हा शब्द रेसिपीत आला की तो लिहिणाऱ्याला लगेच फोन करा.

आता सोलकढीचं माप. पंधरा लहान पेल्यांना तीन नारळ. खवून, पाच-सहा लसूणपाकळ्या आणि दोन-तीन हिरव्या मिरच्यांबरोबर मिक्सरला लावायचे, कोमट पाणी घालून दोनदा रस काढायचा. सगळा मिळून साधारण दोन लिटर होतो. आगळ आधी अर्धी वाटीच घाला, ढवळा, चाखा. फिकट गुलाबी रंग आला की हात आवरायचा. मीठ सगळ्यात शेवटी, आणि लागलं तरच. आगळ मिळालं नाही तर पंचवीस-तीस आमसुलं अर्धा तास गरम पाण्यात भिजवून कुस्करून घ्या, मग मात्र मीठ घालावं लागेल. कढी गरम करू नका, फुटते. मे महिन्याच्या उकाड्यात नारळाचा रस दोन-तीन तासांतच आंबूस होऊ लागतो, त्यामुळे ही कढी करणाऱ्याने घरून करून आणू नये, तुमच्याकडे येऊन करावी. फ्रीजमध्ये जागा नसेल तर पातेलं बर्फाच्या परातीत ठेवा. बर्फ कढीत टाकू नका, पाणचट होते.

खाण्यात दडपे पोहे घ्याच. यात शिजवायचं काहीच नाही. अर्धा किलो पातळ पोहे, दोन नारळांचं ओलं खोबरं, चार कांदे बारीक चिरून, मिरची, कोथिंबीर, दोन लिंबं, मीठ, चिमूट-दोन चिमूट साखर. नारळ फोडताना निघालेलं पाणी टाकू नका, तेच पोह्यांवर शिंपडायचं. सगळं हाताने कालवून वर जड ताट दडपून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, नावच त्यावरून पडलंय. वाढायच्या आधी मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि शेंगदाण्यांची फोडणी. पोह्याचे मिरगुंड तळून वर चुरले की मुलंही निमूट खातात.

तळणाचा पदार्थ एकच ठेवा, नाहीतर एक जण दिवसभर कढईपाशी अडकतो. आमच्याकडे कोळंबी असते. दीड किलो सोलून, काळा दोरा काढून, हळद, मालवणी मसाला आणि दोन चमचे आगळ लावून अर्धा तास ठेवायची. (मीठ जपून, कारण तेच!) मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मे-निम्मे घेऊन त्यात घोळवून कमी तेलात परतायची. शाकाहारी मंडळींना हाच मसाला लावून सुरणाचे काप, पण ते आधी आणि वेगळ्या तव्यावर. हे नाही सांगितलं तर दुपारचं भांडण ठरलेलं.

बेत पुढे ढकलून जूनमध्ये गेलात तर कोळंबी विसरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुका जवळा. कोरडा भाजून, कांदा, ओलं खोबरं, मसाला आणि आमसूल घालून कालवलेली किसमूर मिनिटांत होते. फक्त जवळा ऐन वेळी मिसळा, मऊ पडला की मजा गेली.

पिण्यासाठी सोलकढीखेरीज पन्हं पुरे. 'पेय' म्हणजे तुम्हाला दुसरं काही अभिप्रेत असेल तर आमच्याकडून गोव्याची हद्द लांब नाही, पण त्याची रेसिपी माझ्याकडे मागू नका.

गोडाला मे महिन्यात हापूस कापून ठेवण्यापलीकडे काही करणं मला पटत नाही. हौशी माणूस शिरवाळे (नारळाच्या गोड रसातल्या तांदळाच्या शेवया) करू म्हणेल, त्याला प्रेमाने थांबवा. शेवया दाबायला दोन माणसं अडकतात. फारच वाटलं तर पातळ पोहे, बिनलसणीचा नारळाचा रस, गूळ, वेलची: आमच्याकडे दिवाळीला करतात ते रसातले पोहे. दहा मिनिटांचं काम, गुळाला मात्र रसात विरघळायला वेळ द्या.

एवढं सगळं केलंत तर पाच-सहा नारळ खवावे लागतील. ते काम आम्ही सगळ्यात उशिरा येणाऱ्याला देतो. गेल्या वर्षीपासून सगळ्या वेळेवर येतात आणि नारळ घरमालकिणीलाच खवावे लागतात.