पहिला राऊंड आवरून पळ! (वाचकांचे पळण्याबद्दलचे प्रश्न)

प्रश्न: ताई, मी 15 वर्षांचा आहे आणि पळायला लागून दोन महिने झालेत. आधी एक मैल सलग पळताच यायचा नाही, मधे चालायला लागायचं, आता सलग पळतो पण टाइम 8 मिनिटं 10 सेकंदांवर अडकलाय. आठवड्यातून चार दिवस 400 मीटरच्या ट्रॅकवर जातो आणि दरवेळी घड्याळ लावून एक मैल जीव तोडून पळतो. परवा मित्राने राऊंडप्रमाणे टाइम घेतला तर पहिला 1:35, दुसरा 2:05, तिसरा 2:18 आणि चौथा 2:09 आला, वर मैल पूर्ण करायला शेवटचे 9 मीटर. तिसऱ्या राऊंडला पाय उचलतच नाहीत आणि वाटतं द्यावं सोडून. दहा आठवड्यांनी शाळेची रेस आहे आणि मला 7 मिनिटांच्या आत यायचंय. माझ्यात स्टॅमिनाच नाहीये का?

उत्तर: अरे, स्टॅमिना नसता तर दोन महिन्यांत सलग मैल पळायला लागला नसतास. आणि तुझ्या मित्राला आधी थँक्यू म्हण, कारण त्याने घेतलेल्या चार आकड्यांतच तुझं उत्तर आहे. पहिला राऊंड 1:35 म्हणजे तू 6 मिनिटं 22 सेकंदांच्या मैलाच्या स्पीडने सुटतोयस, आणि तुझं शरीर आज 8 मिनिटांच्या मैलाला तयार आहे. सुरुवातीला ते जाणवत नाही कारण पाय ताजे असतात आणि श्वास अजून वाढलेला नसतो, पण स्नायूंना लागणारा ऑक्सिजन पूर्ण पोचायला थोडा वेळ लागतो, तोपर्यंत शरीर ऑक्सिजनशिवाय जमेल तशी ऊर्जा काढतं आणि तू जितक्या जोरात सुटशील तितकी ही उधारी वाढते. ती फेडायची वेळ दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर येते आणि तिसऱ्यात पाय जड होतात. त्यात गंमत बघ, चौथा राऊंड तू तिसऱ्यापेक्षा 9 सेकंद लवकर मारलास! म्हणजे तिसऱ्यात तू संपला नव्हतास, अजून दोन राऊंड आहेत या विचारानेच हळू झालास.

आता हाच मैल पहिला राऊंड 1:58, दुसरा 1:58, तिसरा 1:58, चौथा 1:58 असा पळून बघ, शेवटचे 9 मीटर धरून 7:55 होतील, तेही फिटनेस तेवढाच असताना. पहिल्या राऊंडला तुला वाटेल की आपण फारच हळू चाललोय, सगळे पुढे चाललेत, तेव्हा स्वतःला आवरायचं, बास. हे सगळ्यांना अवघड जातं, अगदी रॉजर बॅनिस्टरलासुद्धा. 6 मे 1954 ला ऑक्सफर्डमध्ये तो 4 मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस ठरला, 3:59.4, त्या रेसमध्ये सुरुवातीला पुढे ख्रिस ब्रॅशर पेस देत होता, म्हणजे पुढे राहून स्पीड ठरवत होता, आणि बॅनिस्टर मागून त्याला ओरडून अजून जोरात पळ म्हणत होता, कारण त्यालाही पाय इतके ताजे वाटत होते की स्पीड कमी वाटत होता. ब्रॅशरने ऐकलं नाही, आपल्या अंदाजाने पळत राहिला. पहिला राऊंड साधारण 57.5 सेकंदांत झाला, म्हणजे स्पीड कमी नव्हताच, 4 मिनिटांच्या मैलाला राऊंडला 60 सेकंद पुरतात! तुझ्या पुढे ब्रॅशर नाहीये त्यामुळे ते काम घड्याळाने करायचं. पहिल्या 200 मीटरला 59 सेकंद दिसले पाहिजेत, 50 दिसले तर तिथल्या तिथे स्पीड कमी कर, पुढच्या राऊंडला बघू असं म्हणू नकोस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आठवड्यातून चार वेळा जीव तोडून मैल पळणं म्हणजे चार वेळा परीक्षा देणं, त्यात अभ्यास कुठेच नाही. मैल जोरात पळायची रेस वाटते पण तिच्यातली तीन चतुर्थांशापेक्षा जास्त ऊर्जा ऑक्सिजनवर येते, आणि ती बाजू तयार होते सावकाश पळून. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पण याला आठवडे लागतात आणि रोज दमून गेलेल्या शरीरात ते नीट होत नाही. त्यामुळे चारपैकी तीन दिवस 20 ते 30 मिनिटं इतकं सावकाश पळ की शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. दोन शब्दांत धाप लागली तर हळू हो, चालावं लागलं तर चाल, त्यात कमीपणा काही नाही. यातल्या दोन दिवशी पळून झाल्यावर 80-100 मीटरचे चार स्प्रिंटसारखे तुकडे मार, पण फुल स्प्रिंट नाही, खांदे सैल, जबडा सैल, पाय पटापट, आणि चालत परत ये. स्पीडची ओळख राहते आणि दमछाकही होत नाही.

चौथा दिवस मेहनतीचा. दहा-पंधरा मिनिटं हळू जॉगिंग करून अंग गरम झालं की 400 मीटरचे चार राऊंड, प्रत्येक 1:55 च्या आसपास, मधे दोन-तीन मिनिटं चालायचं. शंभरला 29, दोनशेला 57-58 असं घड्याळ बघत पळ. शेवटचा राऊंड पहिल्याइतक्याच टाइममध्ये आला तर दिवस चांगला गेला, शेवटच्या राऊंडला मर्दुमकी दाखवून 1:35 मारू नकोस, तोच जुना घोळ परत होईल. दोन-तीन आठवड्यांनी चाराचे पाच कर, मग सहा, मग 1:52 वर ये. या मेहनतीच्या दिवसाच्या आधी-नंतर सावकाश किंवा पूर्ण सुट्टी. पूर्ण मैलाची टेस्ट तीन-चार आठवड्यांतून एकदाच, त्या आठवड्यात 400 चे राऊंड नकोत.

7 मिनिटांचं खरं सांगते. त्यासाठी प्रत्येक राऊंड 1:44 लागतो आणि दहा आठवड्यांत 8:10 वरून तिथे पोचणं सगळ्यांना जमत नाही. नवीन मुलांचा टाइम सुरुवातीला भराभर उतरतो हे खरं, तुझा तर नुसत्या पेसनेच 15 सेकंद उतरेल, पण मी असते तर 7:30 धरून चालले असते आणि 7 पुढच्या सीझनला ठेवलं असतं. आणि तुम्ही शेवटचे 9 मीटर मोजता ते बरंय, बरीच मुलं 400 च्या ट्रॅकचे चार राऊंड मारून त्याला मैल म्हणतात, ते 1600 मीटर होतात आणि मैल 1609 चा, तुझ्या स्पीडला तो फरक जवळपास 3 सेकंदांचा आहे. शाळेची रेस 1600 ची आहे की पूर्ण मैलाची ते आधी विचारून घे.

प्रश्न: माझी मुलगी 13 वर्षांची आहे, गेल्या वर्षी मैल छान पळायची, यंदा प्रॅक्टिस वाढवूनही टाइम उलट वाढलाय आणि सारखी दमलेली असते. वजन कमी करायला हवं असं कोणीतरी तिला म्हणालं, तेव्हापासून जेवणही कमी केलंय. काय करावं?

उत्तर: ते वजनाचं पहिल्यांदा थांबवा. वाढत्या वयात पळणाऱ्या मुलीला जास्त खायला लागतं, कमी खाल्लं तर टाइम तर बिघडतोच पण हाडंही कमजोर होतात. या वयात उंची, वजन, कंबरेची रुंदी सगळं एकदम बदलतं आणि बऱ्याच मुलींचा टाइम काही काळ थांबतो किंवा मागे जातो, शरीराचा नवा तोल सापडला की परत सुधारतो, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे कारण तिला वाटत असेल आपण संपलो. पण सारखा थकवा असेल तर डॉक्टरांना दाखवाच आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासायचं का ते विचारा, हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाही शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो. पाळी सुरू होऊन तीन महिने आली नाही तरी डॉक्टरांकडे जा, पळणाऱ्या मुलींना असं होतंच म्हणून सोडून देऊ नका. प्रॅक्टिस सध्या कमी करा, झोप 8 ते 10 तास.

प्रश्न: ताई, मैल पळायला लागल्यापासून नडगी दुखते. पळत राहू का?

उत्तर: कशी दुखते ते बघ. नडगीच्या आतल्या कडेने लांब पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुतेक एकदम जास्त पळणं वाढवलंस, आठवडाभर पळणं अर्ध्यावर आण, शूज घासून सपाट झालेत का बघ, शक्य असेल तर डांबरीऐवजी मातीवर पळ. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी जोरात कळ येत असेल, रात्री बसल्या जागी दुखत असेल किंवा एका पायावर उडी मारता येत नसेल तर एक राऊंडही पळू नकोस, हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो डॉक्टरांनी बघायला हवा, घरी सांग आणि या आठवड्यातच जाऊन ये.