आधी मागचं झाकण उघड

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पॉवर बँक आणि फोनबद्दलचा तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. एकदा कौतुकाने, एकदा चष्मा लावून. कौतुक आधी सांगतो. आवाज खणखणीत आहे, मराठी स्वच्छ आहे, आणि सुरुवातीलाच 'नमस्कार मित्रांनो' असं किंचाळली नाहीस, याबद्दल ठाण्याच्या तलावपाळीवर एक भेळ माझ्याकडून लागू.

आता चष्म्याचं. तू म्हणालीस, "पॉवर बँक वीस हजार एमएएच, फोनची बॅटरी पाच हजार, म्हणजे फोन चार वेळा फुल!" दोन उन्हाळी सुट्ट्या कळव्याहून रोज डबा घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसलेली मुलगी असं म्हणते तेव्हा मला माझीच लाज वाटते. ती पॉवर बँक उलटी कर. पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' लिहिलेलं सापडेल आणि तिथला आकडा साधारण बारा-तेरा हजारांच्या घरातला असेल. ही फसवणूक नव्हे. एमएएच म्हणजे किती चार्ज मावतो त्याचं माप, आणि पुढचा मोठा आकडा आतल्या सेलचा आहे, ३.७ व्होल्टवर मोजलेला. बाहेर वीज येते ५ व्होल्टने. व्होल्ट चढवले की एमएएच उतरणारच, शिवाय चढवताना थोडी वीज उष्णता होऊन जाते. चार्जिंग चालू असताना हात लावून बघ, कोमट लागतं ना, तीच ती. २०,००० गुणिले ३.७, भागिले हजार, म्हणजे ७४ वॅट-अवर. खरा माल, म्हणजे आत साठलेली एकूण वीज, एवढा. तुझ्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ मावतात. वाटेतली गळती धरलीस तर फोन तीन वेळा भरला तरी पुष्कळ झालं. विमानवालेसुद्धा एमएएचवर जात नाहीत, १०० वॅट-अवरच्या आत आहे का ते आधी बघतात.

ही खोड आजची नाही. १९९० नंतर टेपरेकॉर्डर आणि म्युझिक सिस्टिमचं पेव फुटलं होतं, तेव्हा पुढच्या जाळीवर चंदेरी स्टिकर असायचा: '२००० वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभर निघू शकणाऱ्या आवाजाची कागदावरची कमाल ताकद. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ गणपतीच्या आदल्या आठवड्यात असा डबा हौसेने घेऊन गेला आणि दोन दिवसांनी घाबरा होऊन माझ्याकडे आला. "काका, दोन हजार वॅट म्हणजे दोन इस्त्र्या की! बिल किती येणार?" मी डबा उलटा करून मागची पत्र्याची पट्टी दाखवली. वीज लागते ३० वॅट. जो डबा भिंतीतून तीस वॅट घेतो तो बाहेर दोन हजार कुठून देणार? बिल येणार नाही याचा आनंद मानावा की १९७० वॅट हवेत गेले याचं दुःख करावं, हे त्या बिचाऱ्याला बराच वेळ कळेना. आजचा पन्नास मेगापिक्सेलचा कॅमेराही त्याच कुळातला. बहुतेक वेळा चार-चार पिक्सेल एकत्र करून फोटो साडेबाराचाच हातात येतो. फोटो चांगला असतो, तो भाग वेगळा. तर पुढचा आकडा विकणाऱ्याचा, मागचा वापरणाऱ्याचा. तू कोणासाठी बोलतेस ते ठरव आणि त्या बाजूचा आकडा वाच.

एक गोष्ट तुला दुकानात कधी सांगितली नव्हती. तू शिकत होतीस, आणि माझी थोडी शान राहावी असं मला वाटायचं.

मोबाईल नुकते आले होते, इनकमिंगलाही पैसे पडायचे, तेव्हाची गोष्ट. नौपाड्यात एका चाळीत पोळ्या लाटून देणाऱ्या एक बाई राहायच्या. त्यांचा एकवीस इंची रंगीत सेट बंद पडला. आवाज येतो, चित्र नाही. मी रात्री दुकान बंद करून घरी जाताना डोकावलो. मागच्या जाळीतून पिक्चर ट्यूबच्या मानेकडे पाहिलं. हीटर, म्हणजे मानेतली तापणारी तार, पेटला की तिथे नारिंगी ठिपका दिसतो, तो दिसला नाही. झाकण उघडलं नाही. पिशवीतला मीटर बाहेर काढला नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "ट्यूब गेली. यात पैसे घालू नका, नवा घ्या." त्यांनी घेतला. महिना साडेसहाशे, चोवीस हप्ते. जुना सेट मीच भंगारात तीनशेला उचलला, वर उपकार केल्यासारखा चेहरा करून.

दिवाळीच्या साफसफाईत तो हाताला लागला म्हणून उघडला. हीटरकडे जाणाऱ्या वाटेवर एक छोटासा रेझिस्टर असतो. त्याच्या एका पायाभोवती केसाएवढं काळं कडं दिसत होतं. ड्राय सोल्डर, म्हणजे कथिलाचा जोड सुटलेला. सोल्डरिंग आयर्न टेकवली, कथिलाचा एक थेंब दिला, सेट लावला. नारिंगी ठिपका आला आणि पाठोपाठ चित्र. थेंबाची किंमत काय सांगू, चार आणेसुद्धा नाही.

दोन दिवस गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सेट हातगाडीवर घालून त्यांच्याकडे नेला आणि काय झालं ते सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "दहा बाय बारात दोन टीव्ही ठेवू कुठे? तुमच्याकडेच राहू द्या." पुढेही मिक्सर दुरुस्तीला माझ्याकडेच आणत राहिल्या, त्याचा त्रास जास्त झाला. माझं मत अर्ध्या मिनिटाचं होतं, ते त्यांनी दोन वर्षं फेडलं. माझं चाळीतलं एक गिऱ्हाईक. तुझा व्हिडिओ किती हजारांनी बघितला ते तू मोठ्या आनंदाने कळवलं आहेस.

म्हणून सरळ विचारतो. तो दुसरा फोन, ज्याला तू 'डोळे झाकून घ्या' म्हणालीस, किती दिवस वापरलास? चार? मग 'चार दिवस वापरला' असं पहिल्या वाक्यात सांग. चार दिवसांत पडदा कळतो, वजन कळतं, खिशातून घसरतो का ते कळतं. बॅटरी कळत नाही. बॅटरीला उष्णता खाते, आणि ठाण्याचा मे महिना अजून त्या फोनने बघितलेला नाही. जुलैतली लोकलची गर्दीही नाही. दुकानात मोबाईल बघणाऱ्या माझ्या पुतण्याच्या टेबलावर पावसाळ्यात निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात, चार्जिंग घेत नाही. भिंगाखाली धरले की चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज आणि खिशातला कापूस. असल्या गोष्टी खोक्यातून फोन काढण्याच्या व्हिडिओत कधी येत नाहीत. तू सहा महिन्यांनी त्याच फोनवर दुसरा व्हिडिओ कर. बघणारे कमी मिळतील, हे मान्य आहे. पण फोन घ्यायला निघालेला माणूस तोच शोधत असतो.

पॉवर बँक कंपनीने फुकट पाठवली, हे तू मला फोनवर सांगितलंस. व्हिडिओत सांगितलं नाहीस. तिथे मात्र कान धरावासा वाटला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये या बाबतीत स्वच्छ सूचना काढल्या आहेत. पैसेच घेतले पाहिजेत असं नाही, फुकट मिळालेली वस्तूही त्यात धरली जाते. व्हिडिओ असेल तर तसं तोंडाने सांगायचं आणि पडद्यावर लिहायचंही, आणि तेही तू ज्या भाषेत बोलतेस त्याच भाषेत. मराठी व्हिडिओच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी शब्द चिकटवून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तुझ्यावर कोणी एवढ्यात येणार नाही, पण सवय आत्ताच लागते.

माझंही ऐकून ठेव. दुकानातलं ते भिंतीवरचं घड्याळ, ज्याचा काटा तू स्टुलावर चढून सरळ केला होतास, ते एका स्टॅबिलायझरवाल्याने दिलेलं. पुढची दोन वर्षं मी येईल त्याला तोच स्टॅबिलायझर सांगत होतो. वाईट नव्हता. पण घड्याळ नसतं तर मी एवढं आग्रहाने सांगितलं असतं का? घड्याळ अजून बरोबर वेळ दाखवतं, हाच त्यातला त्रास.

पुढचा व्हिडिओ 'मोबाईलने घरं तोडली' या विषयावर करणार म्हणतेस. कर, पण आधी थोडं ऐक. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आम्ही गच्चीवर चढून अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे वळवायचो, खालून कोणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" तेव्हाही शेजारचे मास्तर म्हणायचे की या खोक्याने घरातलं बोलणं संपवलं, पोरांचं वाचन बुडवलं. १९८७ साली रविवार सकाळच्या पौराणिक मालिकेच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे रांग लागायची, "काका, उद्या सकाळच्या आत चालू करून द्या." त्या रांगेत मास्तरही असायचे. आणि आता त्यांचाच मुलगा मला सांगतो, "आमच्या वेळी बघा, सगळे एकत्र बसून टीव्ही बघायचो." ज्या खोक्याने घर मोडणार होतं, तोच आता घर जोडणारा ठरला.

मीही त्यातलाच. सोसायटीच्या ग्रुपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फुलांची मी जन्मभर टिंगल केली असती. परवा चरईतल्या एक आजी फोन घेऊन आल्या, "फार हळू चालतो." पुतण्याने बघितलं तर जागाच शिल्लक नाही, सगळीकडे गुलाब, उगवता सूर्य आणि चहाचे कप. तो सरसकट पुसायला निघाला तर आजी म्हणाल्या, "सगळे पूस, बदलापूरच्या बहिणीचे ठेव. ती रोज सहाला पाठवते. एखाद्या दिवशी आलं नाही की मी फोन लावते." म्हणजे ते गुलाब नव्हतेच, हजेरी होती. दोघी एकट्या राहतात. माझं पक्कं मत त्या टेबलावर पाच मिनिटांत उतरलं आणि मी चहा सांगायला बाहेर गेलो.

घरं तुटत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण तू कोणाचं घर पाहिलंस? चार जणांशी बोल, त्यांचे फोन कशाने भरलेत ते त्यांनाच दाखवायला सांग, मग कॅमेरा लाव. नाव-गाव-चेहरा दाखवू नकोस, हे वेगळं सांगायला नको.

येत्या रविवारी दुकानात ये. एक बेचाळीस इंची एलईडी टीव्ही आलाय. आवाज आहे, पडदा काळा. गिऱ्हाइकाला बाहेर कोणीतरी न उघडताच सांगितलंय की पॅनल, म्हणजे चित्राचा पडदाच गेला, नवाच घ्या. शटर अर्धं खाली ओढू, दिवे घालवू, आणि तू टॉर्च पडद्यावर तिरका, अगदी जवळ धर. बातम्या सांगणारी बाई अंधुक हलताना दिसली तर पॅनल ठीक आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्यात. एका रांगेत जोडलेल्या असतात, एक दिवा उडाला की सगळी माळ विझते. पट्ट्या लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवल्या आहेत. मीटर तुझ्या हातात देईन. कॅमेरा आणलास तर आण, पण झाकण उघडेपर्यंत पिशवीत ठेव.

तुझा,
दुकानातला काका