बार्शी लाइटचं मॉडेल आणि तीन लाखांची एफडी

नमस्कार,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही पुण्यात राहता, वय 59, गेल्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झालात. पेन्शन महिना 44,000 रुपये, ती वाढणार नाही. घर स्वतःचं, कर्ज नाही, घरखर्च 40,000. बँकेत 26 लाखांच्या मुदत ठेवी, पीपीएफमध्ये 11 लाख. दोन वर्षांत मुलीचं लग्न, त्यासाठी 8 लाख धरलेत. आरोग्य विमा दोघांचा मिळून 5 लाखांचा.

आणि तुम्ही आठ जणांनी एक क्लब काढलाय. बार्शी लाइट या कुर्डुवाडी-बार्शीकडच्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा, जसा होता तसा, चालता लेआउट (रूळ, स्टेशनं, गाड्या यांचं छोटं मॉडेल) बांधायचा. दिवाळीपर्यंत प्रत्येकाने 3 लाख भरायचे ठरलंय. तुमचे पणजोबा बार्शी लाइटच्या लोकोशेडमध्ये फिटर होते, त्यांच्या ट्रंकेत इंजिनासमोर उभा असलेल्या कामगारांचा फोटो सापडला, तेव्हापासून तुमच्या डोक्यात हेच आहे. वहिनी विचारतात, "हे पैसे परत येणार का?" आणि तुम्ही मला विचारता, एफडी मोडू का?

वहिनींना सरळ उत्तर देतो: नाही, परत येणार नाहीत. असा लेआउट एका जागेसाठी, एका काळासाठी, एका छोट्या रेल्वेसाठी बांधलेला असतो. उद्या विकायला काढलात तर आयात केलेल्या इंजिनांना आणि सुट्या भागांना गिऱ्हाईक मिळेल. पंढरपूरचं स्टेशन, तुम्ही रंगवलेल्या वाघिणी आणि तीन वर्षांची मेहनत यांचे पैसे कुणी देणार नाही. म्हणून हा खर्च समजा. क्लबच्या टिपणात "दीर्घकालीन मालमत्ता" असा शब्द आहे, तो खोडायला सांगा.

पण खर्च आहे म्हणून करू नये, असं मी म्हणणार नाही. निवृत्तीनंतर माणसाला हाताला काम आणि डोक्याला विषय लागतो, आणि तुमच्याकडे दोन्ही आहे. एका भागाचा इतिहास, ज्याची रुळांवरची खूण गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदलताना बरीचशी पुसली गेली, तो कुणीतरी नीट मांडायला हवा असं मलाही मनापासून वाटतं. प्रश्न फक्त पैसे किती, कधी आणि कुणाच्या खात्यात जातात याचा आहे.

आधी तुमचा हिशेब. आज 26 लाखांवर 7 टक्के धरले तर महिना साधारण 15,000 व्याज येतं. लग्नाचे 8 लाख गेले की ठेव उरते 18 लाख आणि व्याज 10,500. पेन्शन धरून महिना 54,500, खर्च 40,000. शिल्लक 14,500 दिसते आणि बरी वाटते. आता महागाई 6 टक्के धरा. पेन्शन तेवढीच, व्याज तेवढंच, आणि घरखर्च सहा वर्षांच्या आतच 54,500 च्या पुढे जातो. दहा वर्षांनी तो 71,000 च्या वर असेल. म्हणजे आजची शिल्लक ही तुमच्या सत्तरीची तरतूद आहे. त्यातून 3 लाख एकदम उचलले तर महिन्याचं 1,750 व्याज कायमचं गेलं, आणि ते पैसे 7 टक्क्यांनी दहा वर्षं राहिले असते तर कराआधी 5.90 लाख झाले असते. शिवाय मुदतीआधी एफडी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्या मुदतीचा दर लावते आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का कापते.

तेव्हा एफडी मोडू नका. छंदासाठी महिना 4,000 रुपये बाजूला काढा, वेगळ्या बचत खात्यात. वर्षाला 48,000, तीन वर्षांत 1.44 लाख. उरलेले 10,500 पुन्हा गुंतवा, त्यातला काही भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात एसआयपीने, कारण सगळंच ठेवीत राहिलं तर महागाईपुढे टिकणार नाही.

तुम्ही म्हणाल, 3 लाखांचं काम 1.44 लाखांत कसं होईल? होईल असं मला वाटतं, आणि ते सांगायला बार्शी लाइटच्या इतिहासातच शिरावं लागेल. तुमच्या क्लबने अंदाजपत्रक आधी केलं आणि इतिहास नंतर ठरवायचा ठेवलाय. हा क्रम उलटा हवा. अस्सल मॉडेलमध्ये कोणतं वर्ष आणि कोणती जागा दाखवायची, या निर्णयावर सगळा खर्च उभा असतो. ते ठरण्याआधी घेतलेली प्रत्येक वस्तू चुकीची निघू शकते.

टिपणात एका पानावर 1910 म्हटलंय, दुसऱ्या पानावर 1935. बार्शी लाइट 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पंढरपूरला रूळ 1906 मध्ये पोचले, लातूरला 1911 मध्ये, आणि पंढरपूरहून पुढे मिरजेला 1927 मध्ये. म्हणजे 1910 च्या पंढरपुरात गाडी येते आणि थांबते. 1935 च्या पंढरपुरात ती पुढे जाते. लेआउटच्या भाषेत याचा अर्थ, 1935 निवडलं तर दोन्ही बाजूंना गाड्या लपवून ठेवायची जागा, जास्त सांधे, जास्त रूळ, जास्त मोठी खोली. 1910 ला एकच बाजू पुरते. इंजिनांचंही तेच. सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची, एकाच जातीची, आठ जोडचाकं आणि मागे चार लहान चाकांची टँक इंजिनं, म्हणजे पाणी-कोळसा स्वतःच्याच अंगावर वाहणारी. एका जातीचा अभ्यास करून ती नीट बांधणं आणि पुढच्या वर्षांत आलेल्या तीन-चार जाती जमवणं, यात पैशांचाच नाही तर वर्षांचा फरक आहे. माझं मत 1910 च्या बाजूने आहे. पणजोबांचा काळही तोच येतो.

दुसरा मोठा निर्णय कुर्डुवाडीचा. तुमच्या आराखड्यात कुर्डुवाडी जंक्शन पहिल्या टप्प्यात आहे. तिथे बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ब्रॉडगेजला, म्हणजे रुंद मार्गाला, भेटत होती, देखावा सुंदर होईल यात शंका नाही. पण स्केलचं गणित बघा. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, 1:87 प्रमाणात (मूळ मापाला 87 ने भागून) पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ आणि त्यावर चालणारे सांगाडे तयार मिळतात, चूक तीन टक्क्यांच्या आत. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, म्हणजे त्याच प्रमाणात 19 मिलिमीटरहून थोडं जास्त, आणि तयार मिळतो 16.5 चा रूळ. अस्सलपणाचा आग्रह धरायचा तर ब्रॉडगेजचा प्रत्येक रूळ, प्रत्येक सांधा, प्रत्येक चाकजोडी हाताने करावी लागेल. अंदाजपत्रकातले आयातीचे 9 लाख बरेचसे इथे अडकलेत असं मला दिसतं. कुर्डुवाडी पुढे ढकला. तुम्हाला पणजोबांची जागा हवीच असेल तर लोकोशेडचा तुकडा करा. तिथे फक्त अडीच फुटी रूळ दाखवले तरी इतिहासाशी तडजोड होत नाही.

आयातीबद्दल एक गोष्ट टिपणात धरलेलीच नाही. 2020 मध्ये खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. त्यावर अधिभार आणि जीएसटी. चालती छोटी मॉडेलंही खेळण्यांच्याच गटात मोडतात. पार्सल कोणत्या वर्गात धरलं जाईल यावर नेमका आकडा बदलतो, म्हणून मोठी ऑर्डर देण्याआधी कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटाकडून लेखी अंदाज घ्या. परदेशी दुकानाची किंमत रुपयांत करून मांडलेलं अंदाजपत्रक खरं नाही.

सुदैवाने बार्शी लाइटला फार आयात लागतच नाही. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप अतिशय शिस्तीचा इंजिनिअर. एका आसावर पाच टनांहून जास्त वजन नको, आणि रूळ यार्डाला फक्त 30 पौंडाचा, हे त्याने ठरवून टाकलं होतं. मालाच्या वाघिणींसाठी त्याने एकच सांगाडा वापरला, 25 फूट लांब आणि 7 फूट रुंद. 1:87 ला हा सांगाडा पावणेनऊ सेंटिमीटर लांब होतो. एक सांगाडा नीट मोजून संगणकावर काढलात की थ्रीडी प्रिंटरवर हव्या तितक्या वाघिणी निघतील, वर फक्त उघडी, बंद असं अंग बदलायचं. त्या काळी यात्रेच्या गर्दीला मालाच्या वाघिणीही लावल्या जात, तेव्हा आषाढीचा देखावाही त्यांतूनच उभा राहतो. कॅलथ्रॉपने कंपनीचे जे पैसे वाचवले ते सव्वाशे वर्षांनी तुमचेही वाचताहेत.

रुळाचं मात्र बघा. 30 पौंडी रूळ जेमतेम तीन इंच उंच असतो, मॉडेलमध्ये एक मिलिमीटरहून कमी. तयार मिळणारा सर्वसाधारण रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. तो घातलात तर बार्शी लाइट नजरेला बार्शी लाइट वाटणारच नाही, कितीही सुंदर डबे फिरवा. इथे बारीक रूळ घ्या आणि स्लीपरवर हाताने डकवा. वेळ खूप जाईल, पैसे कमी. या छंदात अस्सलपणाची किंमत मुख्यतः वेळेने भरावी लागते. आधीच भरलेले 24 लाख समोर दिसत असले की वेळ वाचवण्यासाठी तयार माल घेतला जातो, आणि मग तो बदलावा लागतो. म्हणूनही पैसे कामाच्या चालीने जावेत असा माझा आग्रह आहे.

आता क्लब. आठ जणांचे मिळून 24 लाख. हॉलचं तीन वर्षांचं भाडं 5.40, आयात 9, लाकूडकाम आणि वायरिंग 4, आणि "इतर" 5.60 लाख. एवढं मोठं "इतर" मी कुठल्याही अंदाजपत्रकात मान्य करत नाही. पैसे एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यात जमा होणार आहेत. तो माणूस सज्जन आहे असं तुम्ही लिहिलंय, असेलही. पण त्याला उद्या काही झालं तर ते पैसे कायद्याने त्याच्या वारसांच्या हिशेबात अडकतील, आणि तुमच्याकडे कागद काय? आठ जण आहात, सोसायटी नोंदवायला सात पुरतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करा. महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त कायद्याची नोंदणीही येते, हिशेब तपासून घ्यावे लागतात. एवढा व्याप नको असेल तर निदान स्टँप पेपरवर करार, दोघांच्या सहीचं खाते, आणि दर तिमाहीला लेखी हिशेब.

याहून सोपी वाटही आहे. लेआउट चार-चार फुटांच्या सुट्या मॉड्यूलमध्ये बांधा. जोडाची टोकं, रुळाची उंची, वायरिंगचे प्लग ठरवून घ्या, आणि प्रत्येक मॉड्यूल ज्याचं त्याच्या मालकीचं ठेवा. 1:87 ला सहाशे मीटरचं स्टेशन आवार सात मीटरच्या आत बसतं, म्हणजे पंढरपूर सहा मॉड्यूलमध्ये होईल. कुणी क्लब सोडला तर तो आपला तुकडा घेऊन जातो, भांडण नाही. रोजचं काम घरी होतं, मग तीन वर्षं हॉल कशाला? जोडणीसाठी महिन्यातून एखादा रविवार जागा भाड्याने घेतली तरी पुरेल. भाड्याचे 5.40 लाख तिथेच बरेच उतरतात. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे, ते तुम्ही पाहिलं असेलच. पण कायमची इमारत आणि रोज चालवणारी माणसं लागतात तेव्हा ते उभं राहतं. आठ हौशी माणसांनी त्या मापाचा हॉल पहिल्याच दिवशी घेऊ नये.

पहिलं वर्ष तर जवळजवळ बिनपैशाचं आहे. ट्रंकेतला फोटो चांगल्या स्कॅनरवर स्कॅन करा आणि मूळ प्रत आम्लरहित कागदात ठेवा. पुराभिलेखागारात बसा, कुर्डुवाडी, बार्शी आणि पंढरपूरला जाऊन जुन्या इमारतींची मापं घ्या, जुन्या कामगारांच्या घरी जा. कंपनी लंडनची होती, तेव्हा बरेच कागद तिकडेही असणार; तिथे राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला गाठता आलं तर बघा. एका फोटोवरून स्लीपर लाकडी की पोलादी एवढं ठरलं तरी एक चुकीची ऑर्डर वाचते.

छंदाआधी मात्र एक काम उरका. 5 लाखांचा विमा दोघांना या वयात अपुरा आहे. वर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरलेल्या रकमेपलीकडचा खर्च देणारा जोडविमा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. एक मोठं आजारपण आलं तर लग्नाचे पैसे, छंदाचे पैसे सगळंच मोडेल. तो हप्ता आधी, रूळ नंतर.

क्लबच्या पुढच्या बैठकीत 3 लाखांऐवजी वार्षिक 48,000 चा प्रस्ताव ठेवा, पहिला हप्ता खातं आणि करार झाल्यावर. बाकीचे ऐकले नाहीत आणि एकरकमीवरच अडून बसले, तर सदस्य होऊ नका. तुमचा लोकोशेडचा तुकडा घरी बांधा आणि पाहुणे म्हणून जोडा. वहिनींनाही त्या वेगळ्या खात्यात जोडीदार करा, म्हणजे दर महिन्याला शिल्लक त्यांच्याही डोळ्यांसमोर राहील.

एफडींच्या मुदती बघून ठेवा. ज्यांचं नूतनीकरण आता आहे त्यांची मुदत तुमच्या साठाव्या वाढदिवसानंतर लगेच संपेल अशी घ्या. लग्नाचे 8 लाख सोडून बाकीचे पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत हलवता येतील. हे लिहिताना तिथे 8.2 टक्के मिळतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. 18 लाखांवर 7 टक्क्यांपेक्षा वर्षाला 21,600 रुपये जास्त पडतात, कर कापण्याआधी. तुमच्या 48,000 मधला जवळजवळ अर्धा भाग तिथूनच निघेल.