रुई एक नव्हे, दोन

प्रश्न : शेताच्या बांधावरच्या रुईला पांढरी फुलं येतात, पण पाकळ्यांची टोकं जांभळी आहेत. हीच पूजेची पांढरी रुई का? तिचं बी धरून रोपं करता येतील का?

उत्तर : नाही, ही वेगळी जात. आपल्याकडे दोन रुया सरसकट एकाच नावानं ओळखल्या जातात. तुमची आहे कॅलोट्रोपिस प्रोसेरा; पूजेची पांढरी रुई, जिला बरेच जण मंदार म्हणतात, ती कॅलोट्रोपिस जायगँटियाचा पांढऱ्या फुलांचा प्रकार. या जायगँटियाची फुलं एरवी फिकट जांभळी असतात. म्हणूनच नुसत्या रंगावर जाऊ नका, पाकळ्यांची ठेवण बघा. प्रोसेराच्या पाकळ्या वाटीसारख्या उभ्या राहतात, टोकाला गडद जांभळा डाग असतो. जायगँटियाच्या पसरून मागे वळतात, फूलही मोठं. फुलं नसतील तर कळी पाहा : प्रोसेराची गोल, जायगँटियाची लांबट. झाडाची उंची मात्र फसवते. छाटलेली जायगँटिया सहज कमरेएवढी राहते.

बियांचा भरवसा नाही. परागण भुंगे करतात, शेजारी जांभळी रुई असली की तिचा पराग येणारच, आणि रोपाचा रंग फूल येईपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा खात्रीच्या पांढऱ्या झाडाची अंगठ्याएवढी जाड, जून फांदी घ्या. २०-२५ सेंमीचे तुकडे करा, पानं काढा, चीक वाळून काप सुकेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत ठेवा. मग अर्धी वाळू, अर्धी माती अशा कुंडीत लावा. कोवळा शेंडा किंवा ताजा काप लावला की तो सडतो. रोज पाणी घातलं तरी तेच. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. भर पावसात लावू नका. बांधावरचं मोठं झाड उपटून आणण्याचा मोहही टाळा : मूळ खोल जातं, तुटतं आणि झाड जगत नाही.

प्रश्न : मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना चीक डोळ्यात गेला तर?

उत्तर : लगेच वाहत्या पाण्यानं किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. फारसं दुखत नाही म्हणून लोक थांबतात. बुबुळाला सूज येऊन काही तासांनी धूसर दिसू लागतं. दोन्ही जातींचा चीक तितकाच घातक. पानं तोडताना हातमोजे घाला, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका.