रिसॉर्ट बघायच्या आधी पंचांग बघ

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पाच लिंका पाठवल्या तू आणि खाली लिहिलं, "काका, यातलं कोणतं?" पाचही उघडून बघितल्या, पाचही ठिकाणी तेच निळं पाणी, तोच झोका आणि पाठमोरी बसलेली टोपीवाली बाई. यावरून मी काय सांगू बाप्पा. पण तुझं मन कळलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, ॲग्रीची डिग्री हातात आली, नोकरीचे पहिले पगार साठवले आणि आता माय-बाबा, आजी आणि धाकट्याला घेऊन बेटावर जायचं म्हणते, आणि बाबांनी तर आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बेंबळा धरण.

तर आधी तारीख. तुझ्या दोन लिंका जूनच्या आहेत आणि लय स्वस्त आहेत. काहून स्वस्त आहेत? दरवर्षी मे महिन्यात टीव्हीवर "मान्सून अंदमानात दाखल" ऐकलं की आपण खुश होतो ना, की आता आपल्याकडं येईल म्हणून. तोच मान्सून. आपण इथं वाट बघत बसतो तेव्हा तिथं समुद्र उसळलेला असते, बोटी रद्द होतात आणि माणूस रूमच्या खिडकीतून पाऊस बघत बसते. तेवढ्यासाठी अंदमानापर्यंत जायची गरज नाही, आपल्या ओसरीतून दिसते. मालदीवचंही तसंच, मे ते ऑक्टोबर तिथं पावसाचे दिवस. जूनमध्येच जायचं तर विषुववृत्ताच्या खाली जा, बाली साधारण आठ अंश दक्षिणेला आहे, तिथं एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. पण मृग लागल्यावर बाबा पेरणी सोडून बालीला येतील का? तू कृषीची पोरगी, तुला हे मी सांगायचं का.

मी सांगतो, होळी ते पाडवा. हरभरा निघालेला असते, तूर विकलेली असते, कापसाची फरदड काय राहिली तेवढीच. आणि पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपते, नवा ठरवायला बाबांना घरी असावंच लागते, म्हणून त्याच्या आत परत. अंदमानचा समुद्रही तेव्हा शांत असते. आता यात एक गंमत आहे जी मला धडा मिळाल्यावर कळली.

पोस्टातून रिटायर व्हायच्या दोन वर्षं आधी एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, मी काकूला आणि पोट्ट्यांना अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर नेलं. फोटोत रूमच्या पायरीला पाणी लागलेलं. पोचलो सकाळी, काकू पडदा सारून म्हणते, "अवो, समुद्र कुठी गेला?" समोर नुसते काळे खडक, मेलेलं पोवळं आणि चिखल, पाणी पार तिकडं लांब. ओहोटी होती. दुपारनंतर पाणी आलं, पण तोवर पायात चप्पल घालून पाण्यात जायचा प्रयत्न करून पोरानं तळवा कापून घेतला होता. मॅनेजर म्हणे, सर फोटो भरतीचा आहे. खोटं नव्हता बोलत तो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी आणि ओहोटीही मोठी, पाणी लय मागं जाते. अष्टमीच्या आसपास दोन्ही कमी. होळी ही पौर्णिमा, पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या, मधोमध वद्य अष्टमी. म्हणजे रंगपंचमी आटोपली की निघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघ, त्याला कोणतं ॲप लागत नाही. आणि फोनवर विचार, ओहोटीला तुमच्यासमोर वाळू असते का खडक, त्या दिवशी ओहोटी किती वाजता. हॅवलॉकची बरीचशी रिसॉर्टं पूर्वेच्या किनाऱ्यावर आहेत, गोविंदनगर, विजयनगरकडं, तिथं सकाळचा सूर्य छान पण ओहोटीला खडक उघडे पडतात. राधानगर पश्चिमेला, वाळूचा लांबच लांब पट्टा, सूर्यास्त तिकडचा. तिथलं राहणं महाग, पण पूर्वेला राहून संध्याकाळी गाडी करून तिकडं जाता येते. मगरीचं बोर्ड लावलेलं असेल तिथं धाकट्याला पाय भिजवू देऊ नको, 2010 मध्ये राधानगरच्या बाजूच्या खाडीत एका परदेशी बाईला मगरीनं नेलं, ही ऐकीव गोष्ट नाही.

नावांनी गोंधळू नको. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं 2018 ला, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम 2024 ला. तिकिटावर एक नाव आणि रिसॉर्टवाल्याच्या तोंडी दुसरं असं होते.

आता तुझ्या त्या पाण्यावरच्या बंगल्याबद्दल, जो तुला सगळ्यात जास्त आवडलाय हे मला न सांगता कळलं. मालदीवचा आहे. चांगलाच असेल. पण आजी रात्री दोनदा उठते. बाहेर लाकडी डेक, तिथून शिडी थेट समुद्रात, आणि तुमच्या घरात पोहता कोणाला येते? तू रात्रभर जागी राहशील दाराला पाठ लावून. दुसरं म्हणजे तिथल्या एका रूममध्ये तीन मोठ्या माणसांच्या वर बहुतेक ठेवत नाहीत, म्हणजे तुम्हाला दोन बंगले. रूमचं भाडं दिसते तेवढंच नसते, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, सतरा टक्के टॅक्स, आणि माणशी एका रात्रीचे 12 डॉलर ग्रीन टॅक्स. पाच जण, चार रात्री, हिशेब कर, 240 डॉलर झाले. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 धरला तरी चार क्विंटल नुसते ग्रीन टॅक्समध्ये गेले, आणि हमीभाव मिळते कोणाला. विमानतळापासून रिसॉर्टपर्यंत न्यायचे पैसे आणखी वेगळे, स्पीडबोट असेल तर कमी, सीप्लेन म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान असेल तर माणशी शेकडो डॉलर. सीप्लेन अंधारात उडत नाही, म्हणून तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र माले शहरात काढावी लागते, तो खर्चही तुमचाच.

मालदीवच करायचं मनात पक्कं असेल तर माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊस बघ. लहान गेस्ट हाऊसला ग्रीन टॅक्स अर्धा. तिथं मुसलमान वस्ती, कपडे अंगभर घालावे लागतात, दारू मिळत नाही, म्हणजे तुझ्या मायला आणि आजीला रिसॉर्टपेक्षा तिथंच मोकळं वाटेल असं मला वाटते, कारण दोघीही समुद्रात लुगड्या-साडीवरच उतरणार आहेत हे तू मनाशी धरून चाल. पासपोर्ट मात्र पाचही जणांचे लागतात आणि आजीच्या जन्मतारखेचा गोंधळ आधारवर काय आणि मतदार यादीत काय हे मला माहीत आहे, फॉर्म मीच भरले होते.

म्हणून माझं मत अंदमान. नागपूरहून चेन्नई नाहीतर कोलकात्याला विमान बदलायचं, किंवा पैसे वाचवायचे तर सेवाग्रामवरून रेल्वेनं चेन्नई आणि तिथून विमान. पहिल्या दिवशी लगेच हॅवलॉकची बोट पकडू नको, आजी थकेल, पोर्ट ब्लेअरला मुक्काम कर आणि सेल्युलर जेल दाखव. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधत होते, इमारतीच्या सात पाकळ्यांपैकी तीनच आता उभ्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने आहेत, आजीला खालीच पिंपळाजवळ बसव. बोटीत मधल्या सीट घे, मळमळीची गोळी आधीच दे, पण आजीची बीपीची गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरला विचारून.

रूम बुक करताना नवे पोट्टे विचारत नाहीत अशी एक गोष्ट विचार. बाथरूमला भिंत आहे का काच. हसू नको. आजकाल बेडवरून आंघोळ दिसेल अशी काचेची बाथरूमं असतात, हनिमूनवाल्यांसाठी. बाबा अशा रूममध्ये चार दिवस आंघोळीला बाहेरचा नळ शोधत फिरतील. तळमजला दे म्हण, बाजूबाजूच्या दोन रूम, आणि 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे खाट का जमिनीवर गादी तेही. जेवणाचं पॅकेज सगळं मिळून घेऊ नको, त्यात पेयांचे पैसे असतात जी तुमच्यात कोणी पीत नाही. नाश्ता फक्त घे. हॅवलॉकच्या बाजारात वरण-भात, पोळी-भाजी मिळते, बंगाली वस्ती असल्यामुळे मासळी लय चांगली. तरी ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून सामानात टाक, माय न सांगता टाकेलच.

तिथं दिवस लवकर मावळते बरं. घड्याळ आपलंच, पण जागा नागपूरच्या जवळपास चौदा अंश पूर्वेला, म्हणून सूर्य तासभर आधी उगवते आणि तासभर आधी बुडते. मार्चमध्ये साडेपाचच्या सुमारास अंधारायला लागते. हॉटेलातले बाकीचे लोक नऊला उठून चिडचिड करतात. तुझे बाबा साडेचारला उठतात, त्यांना पूर्वेच्या किनाऱ्यावर एकटं जाऊ दे. मागं मागं मोबाईल घेऊन जाऊ नको.

रविवारी वही घेऊन ये, माझ्यासमोर फोन लाव त्या दोन अंदमानवाल्यांना. तू बोल, मी फक्त ऐकतो. आणि बाबा म्हणतीलच की बैलांचं कोण पाहील. त्यांना सांग काकानं हो म्हटलं आहे. सालदार येईलच, पण संध्याकाळचं चारा-पाणी मी करतो, फक्त तो डाव्या शिंगाचा मारकुटा आहे त्याला आधी कुठं खाजवलं की शांत होते ते तेवढं दाखवून जायला सांग.

तुझा,
काका