काफ्काच्या 'मेटामॉर्फोसिस'मधला माणूस किडाच का होतो? हे पुस्तक वाचायचं तरी कसं?

शेवटपर्यंत वाचूनही कारण सापडलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. सापडणार नाही, कारण जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काने या दीर्घकथेत ते दिलेलंच नाही. त्यापेक्षा कथेचा नायक, कापडाचा फिरता विक्रेता ग्रेगोर साम्झा, किडा होऊन जागा झाल्यावर कसली काळजी करतो ते बघा. चारचा गजर ऐकू आला नाही, साडेसहा उलटून गेले, पाचची गाडी चुकली, आता सातची तरी मिळेल का? अंगाला वळवळणारे पाय फुटलेत आणि हा कापडाचे नमुने अजून भरले नाहीत म्हणून घाबरलाय.

कोकणात हा माणूस परका वाटायचं कारण नाही. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चूल पेटणारी घरं आपल्याकडे गावोगाव होती. ग्रेगोर म्हणजे चाकरमानी.

आमच्या वाचनालयात यावर चर्चा झाली तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "आवशी-बापाशीचा काय चुकला?" बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. उत्तर पुस्तकाच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागात आहे, आणि लोक नेमकी तीच पानं भराभर उलटतात.

पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. बापाचा धंदा बुडून पाच वर्षं झालीत. आईबाप ग्रेगोरच्या मालकाचं कर्ज देणं लागतात, ते फिटायला अजून पाच-सहा वर्षं लागणार, म्हणून हा तिथे राबतो. दोन-चार गुल्डन (तिथलं जुनं नाणं) स्वतःला ठेवून बाकी पगार घरात देतो. आता तो खोलीत बंद झाल्यावर बाप घरच्यांना सांगतो की जुन्या धंद्यातले थोडे पैसे शिल्लक आहेत, त्यावर व्याज साठलंय, शिवाय ग्रेगोरने दिलेल्यातलेही काही उरलेत. ते वेळीच कर्जात भरले असते तर पोरगा बराच आधी सुटला असता. आणि दाराआडून हे ऐकणारा ग्रेगोर चिडत नाही, उलट बापाच्या दूरदृष्टीवर खूश होतो! पुढे बाप बँकेत शिपाई होतो, आई शिवणकाम घेते, बहीण दुकानात लागते. म्हणजे तिघांनाही कमावता येत होतं.

एकेका बैठकीत एकच भाग वाचा. तिन्ही भागांत ग्रेगोर खोलीबाहेर येतो आणि दर वेळी आत परततो: एकदा बापाच्या ढकलण्याने रक्तबंबाळ होऊन, एकदा बापाने फेकून मारलेलं सफरचंद पाठीत रुतून, आणि तिसऱ्यांदा मरायला.

भाषांतर निवडताना पहिलं वाक्य तपासा. तिथे 'झुरळ' असेल तर ते पुस्तक बाजूला ठेवा. काफ्काचा शब्द 'उनगेत्सीफर' आहे, उपद्रवी जीव एवढाच त्याचा अर्थ. जुन्या जर्मनमध्ये बळी द्यायला न चालणारा अशुद्ध प्राणी असा त्याचा अर्थ होता. मोलकरीण ग्रेगोरला शेणकिडा म्हणते, तो तिचा शब्द. 1915 साली पुस्तक निघताना काफ्काने प्रकाशकाला बजावलं होतं की मुखपृष्ठावर किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही.

तिसऱ्या भागात सर्वनामावर बोट ठेवून वाचा. भावाचं नाव या प्राण्यासमोर घेणार नाही असं सांगून बहीण म्हणते, 'ते' घालवायला हवं. मराठीत नपुंसकलिंग आहे, त्यामुळे तो घाव जसाच्या तसा बसतो. इंग्रजीवरून केलेल्या भाषांतरात तिथे 'त्याला' आलं असेल तर पुस्तकाचा कणाच गेला.

मात्र घरच्यांना राक्षसही ठरवू नका. बाप म्हातारा आहे, आईला दमा आहे. ग्रेगोरने दूध-पावाला तोंड लावलं नाही तेव्हा जुन्या वर्तमानपत्रावर अर्धवट कुजलेली भाजी, हाडं, शिळं चीज असं तऱ्हेतऱ्हेचं मांडून, त्याला काय रुचतं हे बघणारी बहीणच होती. आणि सध्या मन खचलेलं असेल तर तिसरा भाग रात्री एकट्याने वाचू नका.

शेवटच्या पानावर तिघं ट्रामने शहराबाहेर फिरायला जातात. स्वच्छ ऊन पडलंय. आईबाप मुलीकडे बघतात, आणि तिच्यासाठी चांगला नवरा शोधायला हवा हे दोघांच्याही मनात एकाच वेळी येतं. त्या गृहस्थांसमोर मी हेच पान उघडून ठेवायला हवं होतं.